मंडईचा पाहुणा आणि एकशे ऐंशी दिवस

माझ्या भावजयीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला तिच्या लग्नातच कळलं होतं. वरमाला पडायच्या आधी तिने आमच्या आईला आपल्या आत्याच्या घरातलं भांडण सांगून टाकलं होतं. तरी बाई मनाची निर्मळ. कपट कशाशी खातात हे तिला माहीत नाही, आणि समोरच्याला ते माहीत असेल असा संशयही तिला येत नाही. आता याला गुण म्हणावं की काय, ते मी अजून ठरवू शकलेली नाही.

माझा धाकटा भाऊ एकोडीला राहतो. धानाची थोडी शेती आणि एक मालवाहू गाडी. शेतीचं काम नसलं की तो भाडं मारायचा. त्या उन्हाळ्यात छत्तीसगडकडून धानाच्या कोंड्याची पोती घेऊन येताना महामार्गावर पोलिसांनी त्याची गाडी थांबवली. पोती उतरवली, तर खालच्या थरात खाकी टेप गुंडाळलेली पाकिटं निघाली. गांजा. वजन वीस किलोच्या वर गेलं. वीस किलोच्या वर गेलं की कायद्याच्या भाषेत त्याला व्यापारी प्रमाण म्हणतात, आणि मग साध्या जामिनाचं नाव काढायची सोय राहत नाही. न्यायाधीशालाच आधी वाटावं लागतं की हा माणूस बहुतेक निर्दोष आहे. खटला चालायच्या आधी असं कोणाला वाटणार?

त्याला माहीत होतं का? लोक मला फिरवून फिरवून हेच विचारायचे. जेलातल्या पहिल्याच मुलाखतीत मी त्याला जाळीतून विचारलं, "खरं सांग, तुले मालूम होतं का?" तो म्हणाला, "ताई, पोती भरलेलीच होती. मी त रस्सी बांधलो." मी लहानपणी त्याला खोटं बोलल्याबद्दल पुष्कळ बडवलेलं आहे. खोटं बोलताना तो कान खाजवतो. त्या दिवशी त्याचे दोन्ही हात जाळीवर होते. माझ्यासाठी तेवढं पुरे झालं, कोर्टासाठी ते पुरे होणार नव्हतं.

मी भंडाऱ्यात ब्लाऊज शिवते. कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे, म्हणून वकीलबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. काळ्या कोटाखाली कुणाला दिसणार नाही, तरी त्यांना बाहीची शिवण सरळच लागते. भाऊ पकडला गेला तेव्हा मी मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून त्यांच्याकडे धावत गेले. पहिले काही महिने त्या फक्त "बघू" म्हणायच्या. मला त्या शब्दाची चीड आली होती. एकदा तर मी त्यांना तोंडावर म्हणाले, "बाई, तुम्ही नुसत्या बघतच राहणार का?" त्या हसल्या नाहीत. "हो," म्हणाल्या, "सध्या बघणं हेच काम आहे."

ते काम काय होतं ते दिवाळीच्या आधी कळलं. त्यांनी मला आणि भावजयीला घरी बोलावलं, दार लावून घेतलं आणि समजावून सांगितलं. माणसाला कोठडीत घालून सरकारला कितीही दिवस बसता येत नाही. तपास पुरा करून आरोपपत्र कोर्टात द्यायला मुदत असते. बाकीच्या गुन्ह्यांत साठ नाही तर नव्वद दिवस, अशा गांजाच्या केसमध्ये एकशे ऐंशी. मुदत सरली आणि कागद आला नाही, तर माणसाने जामीन मागायचा आणि कोर्टाने तो द्यायचा. गुन्हा किती मोठा, माल किती, काही बघायचं नाही.

"मेहरबानी नाही ही, हक्क आहे," वकीलबाई म्हणाल्या. "पण हा हक्क मागावा लागतो. आणि मागायच्या आधी आरोपपत्र आलं, तर तो तिथंच मेला."

"मग आजच मागा ना," मी म्हटलं.

"दिवस भरायच्या आधी मागितला तर अर्ज फेटाळतात. आणि पोलिसांना आयतं कळतं. ते मुदत वाढवून मागतील, सरकारी वकील कारणं देतील, वर्षापर्यंत वाढवून मिळू शकते." मग त्यांनी दिवस मोजून दाखवले. अटकेच्या रात्रीपासून नाही, कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून. एकशे ऐंशीवा दिवस दिवाळीनंतर, एकोडीच्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, आठवड्यातल्या बुधवारी भरत होता. तपास करणाऱ्या साहेबांची बदली झाली होती, नवीन साहेबाच्या टेबलावर फाइलींचा ढीग होता, प्रयोगशाळेचा अहवाल आलेला नव्हता. कोणाच्या ध्यानात ही तारीख नव्हती.

"बुधवार संध्याकाळपर्यंत तोंडाला कुलूप," त्या म्हणाल्या. "गुरुवारी सकाळी मी अर्ज टाकते. जामीनदार आणि सातबारा तयार ठेवा. कुणाला सांगू नका. देवालासुद्धा मोठ्याने सांगू नका."

भावजयीने मान हलवली. तिलाही हे सांगावंच लागलं होतं, कारण जामीनदार म्हणून आमच्या चुलत भावाला गावातून आणायचं काम तिचंच होतं. बाहेर आल्यावर मी तिला पुन्हा बजावलं. ती म्हणाली, "ताई, मी काय लहान पोट्टी हाय का?" शनिवारच्या मुलाखतीत मी भावाला हळूच म्हटलं, "गुरुवारी कोर्टात आणतील तुले. दिवस भरते, पोलिसाइले मालूम नाही. तयार राह्य." त्याने नुसते डोळे मोठे केले.

रविवारी एकोडीची मंडई होती. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, आज या गावची, उद्या त्या गावची. दुपारी बाजार, रात्री दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, नाही तर नाटक, आणि प्रत्येक घरी पाहुणे. मंडईच्या दिवशी घर बंद ठेवणं म्हणजे घरात कोणी मेलंय असं सांगणं. भावजय म्हणाली, घरधनी जेलात असला तरी चूल पेटली पाहिजे, नाहीतर लोक काय समजतील. मला ते पटलं. मी सकाळच्या बसने गेले आणि वडे तळायला बसले.

दुपारी तिच्या माहेरचा एक माणूस आला, पोलीस हवालदार. तिचं माहेर सिहोऱ्याचं. हा हवालदारही सिहोऱ्याचा. नात्याचा नाही, जातीचाही नाही, पण गावचा. आमच्याकडे पोरगी ज्या गावची, त्या गावचा प्रत्येक पुरुष तिचा भाऊ. तो दारात आला की पायावर पाणी, कपाळाला टिळा, आणि जेवल्याशिवाय त्याला जाऊ द्यायचं नाही. आता हा भाऊ नोकरीला होता नेमका त्याच ठाण्यात, जिथे माझ्या भावाची केस होती. तो काही तपास करणारा नव्हता, लिखापढीचं काम करायचा. पण ठाणं तेच.

मी भावजयीला चुलीपाशी ओढलं. "त्याले काही बोलू नको. ध्यानात हाय ना?"

"हाव ना ताई. कायले बोलन मी?"

तिने त्याचे पाय धुतले, पाट मांडला, मटण वाढलं. मी आतून ऐकत होते, एक डोळा कढईवर आणि एक कान ओसरीवर. दोन घास झाल्यावर त्याने विचारलं, आणि विचारायचंच ते. मंडईला येऊन घरच्या माणसाची विचारपूस केली नाही, तर तो पाहुणा कसला. "बाई, जावयाचं काय? कधी येऊन राहिले?"

वाढणाऱ्या बाईने जेवणाऱ्या भावाला 'मालूम नाही' म्हणायचं नसतं. ते अशुभ, आणि अपमानही. अशा वेळी 'येतील देवाच्या दयेनं' एवढं म्हणून सुटता येतं, आमच्या आईची अख्खी पिढी तशी सुटली. पण ही माझी भावजय. कोणीतरी आपुलकीने विचारलं आणि सहा महिन्यांचं साचलेलं बाहेर आलं.

"येऊन राहिले ना भाऊ. गुरुवारीच सुटते. एकशे ऐंशी दिवस बुधवारी भरते म्हणे. अन् तुमच्या साहेबाचा कागद त अजून आलाच नाही."

माझ्या हातातला झारा तेलात पडला. ओसरीवर भांड्याचा आवाज आला, त्याने पाणी प्यायलं. "बरं हाय," तो म्हणाला. "चांगलं हाय बाई." पुढे त्याने धान कसं झालं ते विचारलं, वडे चांगले झाले म्हणून सांगितलं, आणि दंडार बघायला न थांबता गेला.

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की मी कोणाची नाही. ती रडली, पण तिला माझं म्हणणं पटलेलं नव्हतं. "तो भाऊ हाय माहा. आपल्या घरी जेवला. तो असं करनार नाही, ताई." मी म्हटलं, "तो पोलीस हाय." ती म्हणाली, "पोलीस ठाण्यात. इथं भाऊच ना." मी बांधावर जाऊन वकीलबाईंना फोन लावला.

"सांगितलं तर सांगितलं," त्या म्हणाल्या. "आता आपल्या हातात काही नाही. बुधवार जाऊ दे."

लग्नसराई तोंडावर होती, तुळशीचं लग्न झालं की गिऱ्हाइकं दारात उभी राहतात. मी दुकानाला कुलूप लावलं आणि सोमवारी कोर्टाच्या वऱ्हांड्यात जाऊन बसले. वकीलबाई म्हणाल्या, तुमच्या बसण्याने काय होणार आहे? काहीच होणार नव्हतं. पण घरी बसून मशीन चालवली असती तर बोटात सुई गेली असती. भावजयही आली. आम्ही दोघी एका बाकावर बसलो आणि एकमेकींशी बोललो नाही.

सोमवार कोरडा गेला. मंगळवारी दुपारी पोलिसांची गाडी आवारात शिरली. त्यातून एक शिपाई कागदांचा गठ्ठा घेऊन उतरला आणि आमच्याच जिन्याकडे आला. मी उठून त्याच्या मागे गेले, अगदी कागद घेणाऱ्या कारकुनाच्या टेबलापर्यंत. तो चोरीच्या कुठल्याशा केसचा कागद होता. बाबूने माझ्याकडे बघून विचारलं, "काय पाहिजे बाई?" मी म्हटलं, "काही नाही, पाणी कुठं मिळेल?" परत आल्यावर भावजय म्हणाली, "पाह्यलं? मी म्हटली होती." मी तिच्या अंगावर ओरडले नाही, कारण त्या घडीला मलाही तसंच वाटायला लागलं होतं. संध्याकाळी बस स्टँडवर आम्ही दोघींनी चहा घेतला. तिने माझ्या कपातली साय बोटाने काढली, मला आवडत नाही म्हणून. तेवढ्यावर आमची बोलचाल सुरू झाली.

बुधवारी जेवणाची सुट्टी झाली, तरी काही नाही. वकीलबाई दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा काहीतरी बघितलं, आशा म्हणा. उद्याचा अर्ज टाइप करून त्यांच्या पिशवीत तयार होता. पाच वाजत आले तसा वऱ्हांडा रिकामा व्हायला लागला. आतल्या खोलीत कपाटं बंद होत होती. मी मनात एकेक मिनिट ढकलत होते. देवाला काही कबूल करावं असं वाटलं, पण तोंडात नावच येईना.

आणि तेव्हा तो जिना चढून आला. दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं तर इतकं लागलं नसतं. तोच आला, हवालदार, छातीशी नाडीने बांधलेला गठ्ठा धरून, धापा टाकत.

भावजयीने त्याला आधी बघितलं. सवयीने डोक्यावर पदर घेतला, उभी राहिली आणि म्हणाली, "या भाऊ." एवढं बोलून मग तिने त्याच्या हातात काय आहे ते बघितलं.

तो थांबला नाही. सरळ टेबलाशी गेला. बाबूने घड्याळाकडे बघितलं, तोंड वाकडं केलं, आणि शिक्का उचलला. तो आवाज मला ऐकू आला. कागदावर शिक्का मारल्याचा आवाज असतो तो किती, पण मला ऐकू आला.

परत येताना मी त्याची वाट अडवली. "मंडईचं पचलं का भाऊ?"

त्याने मान खाली घातली. "ताई, अहवाल त आलाच नाही. तो मागून जोडनार म्हणते साहेब. हे फक्त दिवसात बसवलं."

"तुमी सांगतलं ना?"

"नाही सांगतलो असतो," तो हळू बोलला, "अन् जावई गुरुवारी सुटले असते, त साहेबानं पहिले मलेच उभा केला असता. साऱ्या ठाण्याले मालूम हाय का ते माह्या गावची बाई हाय. म्हटले असते, यानंच दाबलं. माह्या घरी बी लेकरं हाय, ताई."

मला त्याच्या थोबाडीत मारायची होती. हात उचललाही असेल. पण तो खरं बोलत होता, आणि खरं बोलणाऱ्याला मारता येत नाही, याचाच मला जास्त संताप आला. भावजय बाकावर बसली होती. त्याने तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला. तिने पदर तोंडावर ओढून घेतला आणि तो गेल्यावरही काढला नाही.

वकीलबाईंनी तरीही गुरुवारी अर्ज टाकला. म्हणाल्या, प्रयोगशाळेच्या अहवालाशिवायचं आरोपपत्र अर्धवट आहे, पाकिटात गांजाच होता हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही, मांडून तर बघू. भावाला कोर्टात आणलं. त्याला मधल्या दिवसांतलं काहीच माहीत नव्हतं. शनिवारनंतर मुलाखत नव्हती, आणि जेलात सांगणार कोण? त्याने दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता, आणि हातात थैली होती. सगळं सामान घेऊन आला होता तो. आम्हाला बघून हसला. सहा महिन्यांत मी त्याला तसं हसताना बघितलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघू शकले नाही, भिंतीकडे बघत राहिले.

वकीलबाई छान बोलल्या. न्यायाधीशांनी सगळं ऐकून घेतलं. सरकारी वकिलाने दोनच वाक्यं सांगितली. जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल झाला. हा हक्क आरोपपत्र येईपर्यंतचा, आरोपपत्र मुदतीत आलेलं आहे, अहवाल नंतर जोडता येतो. अर्ज नामंजूर.

भावाला नामंजूर हा शब्द कळला, पण तो आपल्याला लागू आहे हे कळायला वेळ लागला. तो वकीलबाईंकडे बघे, मग माझ्याकडे. शिपायांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा आम्ही बरोबर चालत गेलो. आवारात गाडी उभी होती.

"कसं काय झालं ताई? त्याइले त मालूम नव्हतं ना? सांगतलं कोणं?"

सगळं माझ्या जिभेवर होतं. चार दिवस मी तेच चघळत होते. मी तोंड उघडलं, आणि भावजय बोलली.

"मी सांगतली. मंडईले सिहोऱ्याचा भाऊ आला होता. तुमचं विचारलं. मी सांगून टाकली."

मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल, आणि बोलावंच. तिला तो बोलेल तर निदान माझी आग थोडी निवेल. त्याने तिच्याकडे बघितलं. ती सरळ उभी होती, पदर नीट घेतलेला, मार खायला तयार असल्यासारखी.

"घरी आलेल्या माणसाले नाही सांगाव, त मग कोणाले सांगाव," तो म्हणाला. रागाने नाही. जसं काही दुसरं होऊच शकलं नसतं. मग माझ्याकडे वळला. "ताई, हिले काही बोलजो नको." बोलून झालेलं होतं सगळं, हे मी त्याला सांगितलं नाही.

शिपाई म्हणाला, चला. तो गाडीत चढला, थैली मांडीवर घेतली. मग काहीतरी आठवल्यासारखा जाळीशी तोंड घेऊन आला.

"माहा साबण अन् दुपट्टा मी वाटून टाकलो बराकीत. आज सुटतो म्हणून. शनिवारी येशीन त साबण घेऊन येजो."

गाडी गेली. भावजय पायरीवर बसून राहिली. मी रस्ता ओलांडून समोरच्या किराणा दुकानात गेले, कारण उभं राहवेना आणि काहीतरी करायला पाहिजे होतं. अंगाचा साबण द्या म्हटलं. दुकानदाराने बरणीमागून खोका काढला आणि विचारलं, "किती देऊ, बाई?" आणि मला सांगता येईना.